विश्लेषण : ‘विंडोज १०’ची साथ सुटली, छोट्या कारखान्यातील संगणकांचे आता काय?

मुंबई-गोवा महामार्गावरून इंदापूरला आत वळले की रस्ता तळ्याकडे जातो. मोठे कारखाने रोह्याजवळ धाटावला, माणगावजवळ विळे-भागाडला आणि महाडला. त्यांना लागणारे सुटे भाग, फॅब्रिकेशन, पॅकिंग अशी कामे करणारे छोटे उद्योग मात्र आसपासच्या तालुक्यांत विखुरलेले असतात. अशा उद्योगात आठ-दहा संगणक असतात, त्यातला एक ‘सर्व्हर’ म्हणून कोपऱ्यात अहोरात्र चालू असतो आणि त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे, हे मालकाला सहसा ठाऊक नसते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबवल्यापासून हा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. नवे संगणक घ्यावेत, लिनक्सकडे वळावे, की आहे तसे चालवावे? या तीन पर्यायांचा हा आढावा.

नेमके काय बदलले?

‘विंडोज १०’ २९ जुलै २०१५ रोजी आले. दहा वर्षांनी आधार संपला, म्हणजे संगणक बंद पडले असे नाही. ते आजही सुरू होतात, टॅली उघडते, प्रिंट निघते. थांबले ते सुरक्षेचे मोफत मासिक अपडेट. नवी त्रुटी सापडली तर ‘विंडोज ११’मध्ये ती बुजवली जाईल, ‘विंडोज १०’मध्ये उघडी राहील. हल्लेखोरांचे कामही सोपे होते, कारण नव्या प्रणालीत काय दुरुस्त केले ते पाहून जुनीत काय उघडे राहिले याचा अंदाज बांधता येतो.

‘विंडोज ११’ टाकायचे तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. त्यामुळे २०१७ च्या अखेरीपूर्वी घेतलेले बहुतेक संगणक बाद होतात. कारखान्यात संगणक मोडेपर्यंत वापरला जातो, हे लक्षात घेतले तर अडचण कुठे आहे ते कळते.

मायक्रोसॉफ्टने वाढीव मुदतीचे सुरक्षा अपडेट विकत देऊ केले आहेत. घरगुती वापरकर्त्यांसाठी ती सोय एका वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. व्यावसायिक वापरासाठी ती जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, नंतर दर वर्षी दुप्पट, म्हणजे १२२ आणि २४४ डॉलर, असा कंपनीचा जाहीर दर आहे. दुसऱ्या वर्षी उशिरा आलेल्यालाही पहिल्या वर्षाचे पैसे भरावे लागतात. तीन वर्षांचे एका संगणकाचे ४२७ डॉलर, दहा संगणकांचे ४,२७० डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर हा खर्च पावणेचार लाखांच्या घरात जातो आणि हाती उरतो तो जुनाच संगणक. हा उपाय वर्षभराची उसंत घेण्यापुरता ठीक आहे, तीन वर्षांसाठी महागात पडतो.

धोका किती खरा?

‘आमच्यासारख्या छोट्यांवर कोण हल्ला करणार’ हा नेहमीचा युक्तिवाद. त्याचे उत्तर रायगड जिल्ह्यातच मिळते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू युक्रेनमधील एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला. लक्ष्य युक्रेन होते, पण मार्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहातील एपीएम टर्मिनल्स चालवत असलेले उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातील जीटीआय टर्मिनल ठप्प झाले. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी उरणच्या कंटेनर ट्रकचालकाचा काय संबंध? पण रांगेत तोही अडकला.

या विषाणूने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ आधी दिली होती. शिवाय तो संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड चोरत होता. त्यामुळे एक संगणक दुरुस्तीविना राहिला, तर त्याच जाळ्यातील दुरुस्त केलेले संगणकही पडत होते. दहापैकी नऊ संगणक नवे आणि एक जुना, अशी व्यवस्था म्हणूनच नव्वद टक्के सुरक्षित ठरत नाही.

मार्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता. वापरकर्त्यांची ओळख सांभाळणारे त्यांचे जगभरचे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत असल्याने सारेच एकदम पुसले गेले. वाचला फक्त घाना देशातील एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली असल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. जाळ्यापासून तुटलेली एक प्रत किती मोलाची असते, हे या प्रसंगाने दाखवले.

डेस्कटॉप आणि सर्व्हर प्रणालीत फरक काय?

दिसायला दोन्ही सारख्याच. फरक कामात आहे. डेस्कटॉप प्रणाली समोर बसलेल्या एका माणसासाठी असते. सर्व्हर प्रणाली अनेकांना एकाच वेळी फायली, डेटाबेस, प्रिंटर पुरवण्यासाठी आणि महिनोन्महिने बंद न करता चालण्यासाठी असते.

अनेक लहान उद्योगांत ‘सर्व्हर’ म्हणजे प्रत्यक्षात विंडोजची डेस्कटॉप आवृत्ती असलेला एक साधा संगणक असतो. चार-पाच जणांसाठी ते चालून जाते. पण विंडोजच्या डेस्कटॉप आवृत्तीत एका वेळी २० पेक्षा जास्त उपकरणे जोडायला परवानगी नाही. ‘होम’ आवृत्ती तर कार्यालयाच्या डोमेनला जोडताच येत नाही. म्हणजे कोणाला कोणती फाइल दिसावी, कोणाचा पासवर्ड कधी बदलावा हे एका जागेवरून ठरवता येत नाही. कामगार सोडून गेला तरी त्याचे खाते चालूच राहते.

आधाराचा काळही वेगळा असतो. ‘विंडोज ११ प्रो’च्या प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षे अपडेट मिळतात, मग पुढच्या आवृत्तीवर जावे लागते. विंडोज सर्व्हरच्या आवृत्तीला साधारण दहा वर्षे मिळतात. मात्र तीही संपतात. ‘सर्व्हर २०१२ आर२’चा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, ‘सर्व्हर २०१६’चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो. डेस्कटॉप बदलायचा विचार करताना सर्व्हरची ही तारीखही त्याच कागदावर लिहायला हवी.

विंडोज सर्व्हर की लिनक्स?

विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजला जातो. एका सर्व्हरला किमान १६ कोअरचा परवाना घ्यावा लागतो. त्यावर तो वापरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचा किंवा उपकरणाचा वेगळा परवाना असतो. कोटेशनमध्ये हा दुसरा भाग अनेकदा नसतो आणि तपासणीच्या वेळी समोर येतो. त्याबदल्यात ओळखीचा पडदा मिळतो, तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त करणारा माणूस मिळतो आणि बहुतेक भारतीय हिशेबी सॉफ्टवेअर त्यावर नीट चालते.

लिनक्सच्या डेबियन, उबुंटू, अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स या आवृत्त्या परवान्याच्या शुल्काविना मिळतात. फायली वाटून देण्याचे काम ‘सांबा’ हे सॉफ्टवेअर करते. समोरच्या विंडोज संगणकाला फाइल लिनक्सवरून येते आहे की विंडोजवरून, हे कळतही नाही. जुन्या यंत्रावरही ती चालते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मोफत सुरक्षा अपडेट मिळतात.

फुकट म्हणजे निश्चिंत, असे मात्र नाही. ‘सेंटओएस ८’ला २०२९ पर्यंत आधार मिळेल या भरवशावर अनेकांनी सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर २०२० मध्ये निर्णय बदलला आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ते संपले. ‘सेंटओएस ७’ ३० जून २०२४ ला संपले. अल्मा आणि रॉकी जन्मले ते याच पोकळीतून. लिनक्सला विषाणू लागत नाही, ही समजूतही खोटी आहे. खंडणीखोर टोळ्या आता लिनक्स सर्व्हरही कुलूपबंद करतात. शिवाय परवान्याचे वाचलेले पैसे देखभालीच्या माणसाला द्यावे लागतात. तो माणूस पनवेलहून यायचा असेल तर पावसाळ्यात किती वेळ लागेल, हाही खर्चाचाच भाग.

अपडेटही डोळे मिटून टाकायचे नसतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि भारतातील विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. आधी एका संगणकावर, दोन दिवसांनी बाकीच्यांवर, हा क्रम दहा संगणकांच्या कारखान्यालाही पाळता येतो.

अडते कुठे?

ऑपरेटिंग सिस्टीमची निवड तिच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडून ठरते. कारखान्यात ती गाडी चार ठिकाणी अडते.

पहिले ठिकाण टॅली. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनले आहे. लिनक्सवर ओढूनताणून चालवता येईलही, पण मार्चअखेरीस ते अडले तर निर्माता कंपनी मदत करणार नाही. दुसरे, ड्रॉइंग. सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालते, ऑटोकॅड विंडोज आणि मॅकवर. लिनक्सवर दोन्ही नाहीत. तिसरे, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन. जीएसटी, कंपनी नोंदणी आणि ई-निविदांसाठी ते लागते. त्याचे ड्रायव्हर लिनक्सवर चालतात का, हे आपल्या टोकनपुरते तपासूनच पुढे जावे. चौथे, जुने मराठी फाँट. श्रीलिपीसारख्या प्रणालीत टाइप केलेली वर्षानुवर्षांची पत्रे नव्या यंत्रावर उघडली तर अक्षरांऐवजी चिन्हे दिसतात. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. नव्याने युनिकोड मराठी टाइप करायला मात्र लिनक्समध्ये काहीच अडचण नाही.

उलट ई-वे बिल, जीएसटी पोर्टल, बँक, ईमेल ही कामे ब्राउझरमध्ये होतात. तिथे विंडोज असो वा लिनक्स, फरक पडत नाही. स्टोअर, गेट आणि कार्यालयातील एखादा संगणक म्हणूनच सर्वात आधी लिनक्सवर नेता येतो.

ईआरपीचा विचार करणाऱ्यांसाठी एक उदाहरण मुंबईचे आहे. रुषभ मेहता यांच्या कुटुंबाचा फर्निचर निर्मितीचा व्यवसाय होता. तिथे बाहेरून घेतलेले ईआरपी नीट बसेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. त्यातून मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ उभे राहिले. ते मुक्तस्रोत आहे, लिनक्स सर्व्हरवर चालते आणि वापरणाऱ्याला फक्त ब्राउझर लागतो. अशी व्यवस्था आली की टेबलावरील संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम दुय्यम ठरते. पण टॅलीची सवय असलेल्या हिशेबनिसाला आणि सीएला सोबत घेतल्याशिवाय हा बदल टिकत नाही.

यंत्राला जोडलेल्या जुन्या संगणकाचे काय?

सीएनसी, लेझर कटिंग किंवा पीएलसीला जोडलेल्या संगणकावर आजही ‘विंडोज ७’ किंवा त्याहून जुनी प्रणाली आढळते. यंत्र पंधरा-वीस वर्षे चालते, त्याच्या संगणकाला दहा वर्षेच आधार मिळतो, ही मूळ विसंगती. प्रणाली बदलली तर यंत्राचे सॉफ्टवेअर चालेल याची हमी यंत्र बनवणारा देत नाही.

बड्यांचीही यातून सुटका झालेली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीत नवे यंत्र विषाणू न तपासता जाळ्याला जोडले गेले आणि ‘वॉनाक्राय’चा एक प्रकार कारखान्यांत पसरला. यंत्रांच्या संगणकांवर ‘विंडोज ७’ होते आणि दुरुस्ती टाकलेली नव्हती.

अशा संगणकाला इंटरनेटपासून आणि कार्यालयाच्या जाळ्यापासून तोडणे हाच उपाय. ड्रॉइंग न्यायला एकच ठरलेला पेनड्राइव्ह ठेवावा, तो आधी तपासावा आणि त्याच पेनड्राइव्हवर गाणी-सिनेमे येऊ देऊ नयेत. या संगणकाच्या हार्डडिस्कची संपूर्ण प्रतिमा काढून कपाटात ठेवावी. डिस्क गेली तर दोन तासांत यंत्र पुन्हा सुरू होऊ शकते. नवे यंत्र घेणाऱ्यांनी ‘विंडोज १० आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१’सारख्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची मागणी करावी. तिला १३ जानेवारी २०३२ पर्यंत आधार आहे. नाव जवळपास तेच, मुदत सहा वर्षांहून अधिक. खरेदीच्या वेळी विचारले नाही तर मिळत नाही.

सगळे क्लाउडवर टाकले तर?

सर्व्हरची कटकट जाते, पण इंटरनेटवरचे अवलंबित्व येते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर दक्षिण रायगडातील अनेक गावे कित्येक दिवस वीज आणि मोबाइलच्या सिग्नलविना होती. क्लाउडवरचा हिशेब त्या काळात सुरक्षित राहिला असता, पण उघडता आला नसता. उलट, २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले, तेव्हा तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये असलेली एकमेव प्रत पाण्यात गेली असती. म्हणजे वादळासाठी प्रत जागेवर हवी आणि पुरासाठी बाहेर हवी. दोन्ही ठेवणे हेच उत्तर.

दुसरी जोखीम करारातली. युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये निर्बंध लादल्यानंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या गुजरातमधील वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या कंपनीच्या सेवा थांबवल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, नंतर सेवा पूर्ववत झाल्या. छोट्या उद्योगावर असे निर्बंध येणार नाहीत, पण हप्ता चुकला, खाते चुकून बंद झाले तर परिणाम तोच. आपला डेटा आपल्या हाती उतरवून घेण्याची सोय करारात आहे का, हा प्रश्न सही करण्यापूर्वीचा आहे.

कायदा काय सांगतो?

उद्योग कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर दोन बंधने थेट सर्व्हरशी जोडलेली आहेत. हिशेबाच्या वह्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील, तर त्यांचा बॅकअप रोज आणि भारतात असलेल्या सर्व्हरवर घेणे ऑगस्ट २०२२ च्या नियमदुरुस्तीने बंधनकारक केले. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी ‘ऑडिट ट्रेल’ची सोय हवी आणि ती बंद करता येता कामा नये. याखेरीज ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे आणि १८० दिवसांच्या नोंदी जपायच्या आहेत. डेस्कटॉपलाच सर्व्हर केलेल्या जागी अशा नोंदी सहसा कुणी ठेवत नाही.

दहा संगणकांचा हिशेब

समजा, तळ्यात एक फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. (उदाहरण काल्पनिक आहे.) हिशेबाला दोन संगणक, स्टोअरला दोन, ड्रॉइंगला दोन, कार्यालयात एक, गेटवर एक, सीएनसीला एक आणि सर्व्हर एक.

हिशेब आणि ड्रॉइंगचे चार संगणक ‘विंडोज ११ प्रो’वर न्यावेत, ‘विंडोज ११’ न पेलणारे बदलावे लागतील. नव्या खरेदीचा पैसा इथे घालावा. स्टोअर, कार्यालय आणि गेटचे चार जुने संगणक लिनक्सवर चालतील. चौघांची सोय एकदम बदलण्याऐवजी आधी गेटवरचा एक संगणक महिनाभर चालवून पाहावा. सीएनसीचा संगणक जसा आहे तसा, पण तुटलेला. फक्त फायली आणि बॅकअप सांभाळायचा असेल तर सर्व्हर लिनक्सवर ठेवता येईल. टॅली अनेक जण एकाच वेळी वापरत असतील किंवा सॉफ्टवेअर देणाऱ्याने विंडोज सर्व्हरचीच अट घातली असेल, तर त्याचा खर्च वापरकर्त्यांच्या परवान्यांसह मांडावा. म्हणजे दहा नव्या संगणकांऐवजी जास्तीत जास्त चार आणि एका सर्व्हरचा निर्णय, इतका हा प्रश्न लहान होतो.

मग सुरुवात कुठून?

प्रणाली बदलण्यापूर्वी एका वहीत प्रत्येक संगणकाचे मॉडेल, प्रणाली, तिची अखेरची तारीख आणि त्यावरचे अडणारे सॉफ्टवेअर लिहावे. त्यानंतर बॅकअप : एक प्रत सर्व्हरवर, दुसरी बाहेर काढून ठेवलेल्या डिस्कवर, तिसरी कारखान्याबाहेर. डिस्क कायम जोडलेली ठेवली तर खंडणीखोर विषाणू तीही कुलूपबंद करतो. महिन्यातून एकदा त्यातली फाइल परत उघडून पाहावी, कारण न तपासलेला बॅकअप ऐनवेळी उघडेलच असे नाही. सर्व्हरला यूपीएस हवाच, आणि वीज गेल्यावर तो सर्व्हर नीट बंद करतो का हेही पाहायला हवे.

तेव्हा टाटा मोटर्सच्या मालकीच्या असलेल्या जग्वार लँड रोव्हरचे ब्रिटनमधील उत्पादन सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यानंतर पाच आठवड्यांच्या आसपास बंद राहिले. मोठी कंपनी ते सोसू शकली, झळ जास्त बसली ती तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योगांना. लहान उद्योगाकडे पाच आठवडे पगार देण्याइतकी गंगाजळी नसते. त्यामुळे विंडोज की लिनक्स या वादात पडण्याआधी मालकाने एक प्रश्न विचारावा : कोपऱ्यातला सर्व्हर आज रात्री बंद पडला, तर उद्या सकाळचे पहिले चलन कोणत्या संगणकावरून निघेल? त्याचे उत्तर सापडले की कोणत्या टेबलावर कोणती प्रणाली हवी, हे ठरवणे बरेच सोपे जाते.